जुन्या पिस्तुलावरचं कुंकू

"मनानं सोडतीस न्हवं, वनिता?" चौगुले उस्तादांनी विचारलं.

खंडेनवमीचा दिवस होता. शस्त्रागाराच्या व्हरांड्यात पांढऱ्या चादरीवर आमच्या पोलीस नेमबाजी संघाची सगळी हत्यारं ओळीने मांडली होती. रायफलींना झेंडूच्या माळा, पिस्तुलांपुढे एकेक फूल. मी माझ्या पिस्तुलावर विड्याचं पान ठेवलं होतं आणि पानावर सुपारी.

आमच्या संघात हत्यार बदलायची रीत ही. ज्याचं हत्यार, त्यानेच त्याला खंडेनवमीला कुंकू लावायचं. सोडायचं असेल तर कुंकू लावायचं नाही, वर विडा ठेवायचा आणि उस्तादांपुढे तोंडाने म्हणायचं, 'मी हात सोडला.' ज्याला घ्यायचं त्याने विडा उचलायचा, कुंकू लावायचं आणि म्हणायचं, 'मी हात धरला.' एकदा सोडलेलं हत्यार पुढच्या खंडेनवमीपर्यंत परत मागता येत नाही. हे कुठल्या नियमात नव्हतं. साहेबलोक हसायचे याला. पण उस्तादांच्या हाताखाली घडलेला एकही माणूस ही रीत मोडायचा नाही.

"मनानं," मी म्हणाले. "मी हात सोडला."

उस्तादांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. "नवराबायकोचं तुमचं ठरलंय म्हणता, मग मी कोण मधी पडणार? तुझी मर्जी."

मला वाटलं, म्हाताऱ्याला वाईट वाटतंय. या पिस्तुलावर त्यांनीच मला घडवलं होतं. मग हणमंत पुढे आला, त्याने विडा उचलून कपाळाला लावला, पिस्तुलाला कुंकू लावलं आणि म्हणाला, "मी हात धरला."

हणमंत पाटोळे म्हणजे माझा नवरा. समोर असताना मी त्यांना 'अहो' म्हणते. इथे समोर नाहीत, म्हणून हणमंत.

आम्ही दोघंही पोलिसात शिपाई आणि दोघंही संघात, तो पुरुषांच्या, मी बायकांच्या. जिल्ह्याचं नाव सांगत नाही, पोलीस लाइनीत अजून ओळखीची माणसं आहेत. नेमबाजीचा संघ म्हणजे आमच्यासारख्यांना स्वर्ग. सकाळी रेंजवर सराव, दुपारी हत्यारांची साफसफाई, संध्याकाळी घर. ना मोर्चा, ना जत्रेचा बंदोबस्त, ना गणपतीच्या मिरवणुकीत रात्रभर ढोलाशेजारी उभं राहणं. पण संघात टिकायचं तर दरवर्षी निवड चाचणीत पहिलं यावं लागे. पिस्तुलाला बायकांमधून एक जागा, पुरुषांमधून एक. पहिला आलेला देशपातळीवरच्या पोलीस स्पर्धेला जाई. तिथून मेडल आणलं की बढती. न आलेला आपापल्या ठाण्यात परत, काठी घेऊन.

मला ती बढती हवी होती. लाजून काय सांगायचं, फार हवी होती. बाहीवर फिती लावून एकदा माझ्या माहेरच्या गल्लीतून चालत जायचं होतं मला. पोरगी पोलिसात गेली म्हणून माझ्या आईशी बोलणं सोडलेल्या बायका त्या गल्लीत होत्या.

आणि त्या वर्षी मेडल माझंच होतं असं सगळे म्हणत होते, कारण माझं आणि त्या पिस्तुलाचं जमलं होतं.

पिस्तूल नऊ एमएमचं, फायबरच्या बॉडीचं. लोखंडाच्या पिस्तुलांची सवय असलेली जुनी माणसं त्याला खेळणं म्हणायची. ते माझ्या हाती आलं तेव्हा मी रडले होते. माझा पंजा लहान. मूठ इतकी जाड की बोट ट्रिगरपर्यंत धड पोचायचं नाही. उस्ताद म्हणाले होते, "पिस्तूल काय तुझ्यासाठी बारीक व्हायचं न्हाई. तू हाताला शिकीव." मग मी शिकवलं. अंगठ्याचं मूळ किती सरकवायचं, मनगट किती मोडायचं, सगळं. दिवाळीच्या सुट्टीत माहेरी गेले तरी बांगड्या सारून हात लांब करून उभी राहायची, हातात लाटणं. भावजय हसायची. काही वर्षांनी असं झालं की डोळे मिटून हात उचलला आणि डोळे उघडले तरी नळीच्या टोकावरची माशी बरोबर मागच्या खाचेत बसलेली असायची. माशी म्हणजे नेम धरायचा तो बारका उंचवटा. त्यावर मी नखाला लावायच्या पॉलिशचा पांढरा ठिपका दिला होता, उन्हात चटकन दिसावा म्हणून. माझ्या लग्नातली बाटली होती ती. नखांना कधी लावलीच नाही.

त्या पिस्तुलाबरोबर माझा एकही फोटो नव्हता. तीही उस्तादांची रीत. मेडल येईपर्यंत हत्याराबरोबर फोटो काढायचा नाही, नजर लागते.

खंडेनवमीच्या आधी महिनाभर हणमंत बाहेरच्या राज्यात नेमबाजीच्या कोर्सला गेला होता. पोलीस दलात नव्या बनावटीचं पिस्तूल येणार होतं, त्याची ओळख करून द्यायला. तेही फायबरचंच, तेही नऊ एमएम. तो परत आला आणि पाठोपाठ आमच्या संघाला त्यातलं एक पिस्तूल मिळालं.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी मी भाकरी थापत होते. हणमंत चुलीशी, म्हणजे आमच्या गॅसच्या ओट्याशी, येऊन उभा राहिला. हे नवीनच होतं. स्वयंपाक चालू असताना तो कधी आत यायचा नाही.

"वने, हात बघू तुझा."

"पिठाचाय."

"असू दे."

त्याने माझा हात धरला, पंजाला पंजा लावला. माझी बोटं त्याच्या बोटांच्या वरच्या पेरापर्यंतच पोचत होती. तो हसला. लग्नाला बारा वर्षं झाली होती आणि असा हात त्याने कधी धरला नव्हता. मी तव्याकडे बघायचं विसरले.

"उस्ताद म्हणत होते, नवं पिस्तूल वनिताला द्यावं," तो म्हणाला. "त्याच्या मुठीची मागची पट्टी बदलता येती. लहान हाताला लहान पट्टी, मोठ्याला मोठी. जणू तुझ्यासाठीच केलंय बघ. इतकी वरसं तू हात मोडून घेतलास, आता पिस्तूल तुझ्या मापाचं."

"उस्ताद आसं म्हणाले?"

"मग मी काय मनचं सांगतोय?"

"मला एका शब्दानं बोलले न्हाईत."

"बोलतील कसे? बाकीची पोरं म्हणतील, सगळं पाटोळ्याच्याच घराला. तूबी त्यांना बोलून दाखवू नको. खंडेनवमीला नुसता विडा ठेव."

"आणि माझं जुनं?"

"माझ्या पिस्तुलाची नळी गेलीय, गोळ्या पसरतायत. तुझं मी घेतो. घरातल्या घरात राहील."

"चाचणीला दीड महिना राहिलाय. हाताला बसंल?"

"दोन्ही फायबरचीच की गं. नुसती पट्टी बदलायची. मी महिनाभर मारून आलोय ते, मला म्हाईत न्हाई व्हय?"

भाकरी करपली. ती त्याने खाल्ली, काही न बोलता. त्या रात्री मला वाटलं, बाई, तुझं नशीब उघडलं.

नव्या पिस्तुलाला अजून कुणाचंच कुंकू लागलं नव्हतं, ते खंडेनवमीला मी लावलं. त्याला सगळ्यात लहान पट्टी बसवली आणि मी पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा खरंच बरं वाटलं. बोट आपोआप ट्रिगरवर. कुठे ताण नाही. सावकाश नेम धरून मारायच्या सरावात माझ्या गोळ्या एकावर एक पडायला लागल्या. हणमंत लांबून बघायचा आणि मान हलवायचा.

भानगड होती ती झटपट मारायच्या भागात. तिथे टार्गेट आधी कडेने उभं असतं, दिसतच नाही. ते एकदम समोर वळतं, तेवढ्यात हात खालून उचलून गोळी मारायची, आणि ते परत फिरतं. विचार करायला वेळ नाही, हात जे करेल ते खरं. आणि माझा हात जुनंच करत होता. नव्या पिस्तुलाची मूठ जुन्यापेक्षा उभी होती. फरक बोटभराचा पण नसेल. पण माझं मनगट जिथे जाऊन थांबायचं तिथे जुन्याची माशी खाचेत बसायची, नव्याची खाली डोकं घालायची. सगळ्या गोळ्या खाली. मुद्दाम मनगट उचललं तर वर. सावकाशीत मी हाताला ताब्यात ठेवू शकत होते. घाईत हात आपला जुन्या घरी निघून जायचा.

"अहो, हे काय खरं न्हाई," मी एका दुपारी हत्यारं पुसताना हणमंतला म्हणाले. "झटपटला सगळं खाली जातंय. उस्तादांना सांगते."

त्याने माझं जुनं पिस्तूल पुसता पुसता वर बघितलं. "काय सांगणार? मन बदललं म्हणून? हात सोडलेला माणूस परत मागाय लागला तर उस्ताद संघात ठेवतील तुला?"

"परत मागत न्हाई. नुसतं विचारते, काय करू म्हणून."

"मी हाय की. मी काय करू सांगतो. सराव कर. आठवड्यात बसतं. मलाबी तिथं आठवडा लागला."

"तुमचंबी खाली जात होतं?"

"पहिले दोन-चार दिस. मग बसलं."

मी सराव वाढवला. सकाळी सगळ्यांच्या आधी रेंजवर, घरी आल्यावर भिंतीसमोर रिकाम्या हाताने. दोन दिवस बरं जायचं, तिसऱ्या दिवशी परत खाली. उस्ताद माझ्या मागे येऊन उभे राहायचे, बघायचे आणि काही न बोलता पुढे जायचे. आधी त्यांनी मला असं कधी सोडलं नव्हतं. चूक झाली की पाठीत बुक्की बसायची. त्या दिवसांत मला त्या बुक्कीची आठवण यायची. पण मी समजूत घातली, त्यांनीच दिलंय पिस्तूल, त्यांचा विश्वास असेल. बाकीची पोरंही जरा अंतर ठेवून बोलायची. मला वाटलं, जळतायत. माणूस स्वतःला काय वाट्टेल ते समजावून सांगू शकतो.

चाचणीच्या दिवशी सावकाशीत मी सगळ्यांच्या पुढे होते. माझ्या शेजारच्या खुणेवर जयश्री सुतार, माझ्या नंतर नेमबाजीला लागलेली, ठाण्यातून चाचणीला आलेली, तिच्या जुन्याच पिस्तुलावर. ती हळूच म्हणाली, "वनिताताई, तुमचंच हाय यंदा." मी तिला गप्प केलं, नजर नको म्हणून.

मग झटपट. टार्गेट वळलं. माझा हात उचलला गेला, अगदी बरोबर, अगदी जसा वर्षानुवर्षं उचलला गेला होता तसा. गोळी सुटली आणि मला न बघताच कळलं. दुसरी, तिसरी, तशाच. मधल्या फेरीत मी मनगट ओढून वर घेतलं, तर ती गोळी टार्गेटच्या डोक्यावरून मातीच्या बांधात गेली. तोपर्यंत संपलं होतं. माझ्या टार्गेटवरची भोकं खालच्या कडेला दाटीने बसली होती, कुणी मुद्दाम तिथेच मारल्यासारखी. इतका सुंदर ग्रुप माझा कधी पडला नव्हता. फक्त जिथे पडायचा तिथे तो नव्हता.

जयश्री पहिली आली. ती रडली आणि माझ्या पाया पडायला वाकली. मी तिला उठवलं.

मागून संघातला कुणीतरी बोलला, फार हळू नाही, "हौस फिटली एकदाची."

मला ते कळलं नाही. कसली हौस? पण विचारायला तोंड नव्हतं. पुरुषांची चाचणी दुपारी झाली. हणमंतने माझ्या पिस्तुलावर पहिल्यांदाच इतके गुण काढले की उस्तादांनी दोनदा मोजायला लावले. संध्याकाळी घरी त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "पुढच्या वर्षी," म्हणाला. मी त्याच्या आवडीचं पिठलं केलं. घरात एक तरी जातोय याचा मला आनंद झाला होता. खोटं बोलत नाही, खरंच झाला होता.

मी ठाण्यात परत गेले. पौषात एका देवीच्या जत्रेला बंदोबस्त लागला. बांबूच्या कठड्याला टेकून मी बायकांची रांग सरकवत होते, तेव्हा ठाण्यातल्या हवालदाराचा फोन आला. हणमंतने मेडल काढलं होतं. सोन्याचं. रांगेतल्या एका म्हातारीने मला विचारलं, "का रडतीस, बाय?" मी म्हणाले, "मालकांना बक्षीस मिळालं." तिने तिच्या ओटीतला नारळ माझ्या हातावर ठेवला.

संघ परत यायचा त्या दिवशी मी रजा घेतली. आमच्याकडे हत्यार जमा झाल्याशिवाय कुणी घरी जात नाही, म्हणून ओवाळायला बायका शस्त्रागाराच्या व्हरांड्यातच जमतात. लाइनीतल्या पंधरा-वीस जणी होत्या. स्थानिक पेपरचा फोटोग्राफर आला होता. उस्तादांची बायको, शेवंताकाकू, माझ्या ताटातली वात सारखी करत होत्या. कुंकवाची डबी त्यांनीच आणली होती.

"काय म्हण, वनिता," त्या म्हणाल्या, "नवरा मिळावा तर असा. तू एवढा हट्ट केलास, पर त्यानं राग धरला न्हाई बघ."

"कसला हट्ट, काकू?"

"आता माझ्यापाशी कशाला झाकतीस? सगळ्या लाइनीला म्हाईताय. नवं पिस्तूल त्याच्या नावावर आलेलं. तू रडून-भांडून ते घेतलंस. बिचाऱ्यानं तुझं जुनं पदरात घातलं आणि त्याच्यावर मेडल आणलं. आमचे हे तर म्हणतात, बायकोपायी आसं करणारा माणूस मी बघितला न्हाई." त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला. "जाऊ दे. चूक माणसाकडनंच होती. आज त्याला नीट ओवाळ."

वात सारखी झाली होती. ती छान जळत होती. मी तिच्याकडे बघत राहिले आणि एकेक गोष्ट आपापल्या जागी येऊन बसली. उस्तादांचं 'तुझी मर्जी'. पोरांनी धरलेलं अंतर. 'हौस फिटली.' पंजाला लावलेला पंजा.

तेवढ्यात गाडी आली. फटाके वाजले. हणमंत खाली उतरला, गळ्यात मेडल, खांद्यावर कुणीतरी टाकलेली शाल. मागून उस्ताद पिस्तुलांची पेटी घेऊन उतरले. हत्यारं जमा करायच्या आधी मोजून टेबलावर मांडतात तशी त्यांनी मांडली. माझं जुनं पिस्तूल सगळ्यात पुढे, मेडलवालं म्हणून. मी ताट घेऊन सरळ उस्तादांकडे गेले.

"उस्ताद, एकच विचारते. नवं पिस्तूल कुणाच्या नावावर आलं होतं?"

"आज हे काढतीस?"

"सांगा."

"हणमंतच्या. त्याची नळी गेलेली, कोर्सबी त्यानंच केलेला. दुसऱ्या कुणाला देणार?"

"मला द्या, आसं तुम्ही म्हणाला होता?"

उस्तादांनी हातातला कागद खाली ठेवला. "मी? चाचणी तोंडावर आलेली, हाताला बसलेलं हत्यार मी तुला सोडाय लावीन? मी येडा हाय का?" त्यांचा आवाज उतरला. "तो आला माझ्याकडं. म्हणाला, बायको ऐकत न्हाई, घरात जेवण बंद केलंय. म्हणून तर तुला खंडेनवमीला विचारलं, मनानं सोडतीस का. तू म्हणालीस, मनानं."

"कोर्सला त्याचं कसं गेलं होतं?"

त्यांनी रिकाम्या पेटीचं झाकण लावलं. मग म्हणाले, "सगळं खाली. शेवटपातूर. नापास होऊन आला. ते फक्त मला म्हाईत होतं."

म्हणजे त्याला आठवडा लागला नव्हता. त्याला बसलंच नव्हतं. त्याला माहीत होतं माझ्या गोळ्या कुठे जाणार आहेत.

बायकांनी हाका मारायला सुरुवात केली, "वनिताऽ, ये की गं, ओवाळ." हणमंत पायरीवर उभा होता, टोपी नीट करत. फोटोग्राफर गुडघ्यावर बसला. मी ताट घेऊन त्याच्यापर्यंत गेले. त्याने कपाळ थोडं पुढे केलं.

मी त्याच्यापुढून गेले आणि टेबलाशी थांबले. माझ्या पिस्तुलाच्या माशीवर पांढरा ठिपका तसाच होता. त्याने तो पुसलासुद्धा नव्हता, त्याच्यावरच नेम धरून मेडल आणलं होतं. मी ताट टेबलावर ठेवलं आणि पिस्तूल उचललं. हाताने आपोआप आपली ती मोडलेली घडी घातली, मूठ बसली. दुसऱ्या हाताने कुंकू घेतलं आणि नळीवरच्या स्लाइडवर लावलं. ताट उचलून पिस्तुलाभोवती ओवाळलं.

मग मी हणमंतकडे बघून म्हणाले, "मी हात धरला."

मोठ्याने म्हणाले की नाही कोण जाणे. फटाक्यांची दुसरी माळ पेटली होती. उस्तादांनी मात्र ऐकलं. त्यांनी खाली मान घातली आणि कागद चाळायला लागले. संघातली पोरं एकमेकांकडे बघायला लागली.

हणमंत पायरी उतरून माझ्याजवळ आला. चेहऱ्यावर हसू तसंच होतं.

"लोक बघतायत," तो ओठ न हलवता म्हणाला.

"म्हणूनच."

"काकूनं सांगितलं?"

"तुम्ही का न्हाई सांगितलं? एकदा म्हणायचं होतं, वने, मला तुझं पिस्तूल पाहिजे. मी दिलं असतं."

मी खरंच दिलं असतं का? आजही मला माहीत नाही. पण त्याने मागायला पाहिजे होतं.

तो वळला, बायकांकडे बघून हात जोडले आणि मोठ्याने म्हणाला, "बघा वैनी, ही आमची मंडळी. आधी हत्याराचा मान, मग नवऱ्याचा. शिपायाची बायको म्हणतात ती ही." बायकांनी टाळ्या वाजवल्या. शेवंताकाकूंनी डोळ्यांना पदर लावला. शेजारणीला म्हणाल्या ते मला ऐकू आलं, "पोरीला पस्तावा झाला गं. त्याच्या तोंडाकडं बघवंना तिला, म्हणून हत्याराची माफी मागितली." आणि माझ्या हातातलं ताट काढून घेऊन त्यांनीच त्याला ओवाळलं.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. त्याखाली छापलं होतं, 'पतीच्या सुवर्णविजयी पिस्तुलाचे पूजन करताना पत्नी.' माझं नाव नव्हतं.

उस्ताद एकदा घरी आले होते, हणमंत नसताना. पाणीसुद्धा न घेता बसले आणि म्हणाले, "वर सांगून काय हुणार, वनिता? मेडल हाय. आता कोण ऐकणार?" मी म्हणाले, "मी कुठं म्हणते सांगा म्हणून?" पुढच्या खंडेनवमीला पिस्तूल परत मागायचा माझा हक्क होता. पण तेव्हा मी संघातच नव्हते. संघातून एकदा ठाण्यात गेलेली बाई परत येत नाही, तिच्यामागे जत्रा, मोर्चे आणि कोर्टाची समन्सं लागतात.

हणमंतला फिती मिळाल्या. पुढे तो सहायक फौजदार होऊन निवृत्त झाला. त्याच्या निरोपाच्या कार्यक्रमात तीन जणांनी भाषणात ती गोष्ट सांगितली, बायकोच्या हट्टापायी नवं पिस्तूल सोडणाऱ्या मोठ्या मनाच्या माणसाची. मी पहिल्या रांगेत बसले होते. एकाने माझ्याकडे बघून म्हटलंसुद्धा, "वहिनी, आता तरी हट्ट सोडलाय ना?" सगळे हसले. हणमंतही हसला. माझ्या मांडीवर त्याला मिळालेला नारळ आणि शाल होती, ती मी सावरून धरली.

आता आम्ही गावाबाहेर घर बांधलंय. हॉलमध्ये तो फोटो मोठा करून, फ्रेम करून लावलेला आहे. हणमंतनेच लावला. आल्या-गेल्याला तो दाखवतो आणि गोष्ट सांगतो, मी आत चहा ठेवते. सून म्हणाली एकदा, "आई, तुम्हाला आवडत नाही ना तो फोटो? आपण काढून टाकू. बाबांना मी सांगते." पोरगी हुशार आहे, तिच्या लक्षात आलं होतं.

मी नको म्हणाले. फोटोत हणमंत एका कडेला अर्धा कापलाय. मधोमध मी आहे आणि माझ्या मुठीत ते पिस्तूल. माझा म्हणून तेवढा एकच फोटो आहे त्याच्याबरोबर.